'सेरूर' आणि 'धोंड' : दोन जुन्या इंग्रजी ग्रामनामांची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी लष्करी कागदपत्रे चाळू लागले, की पुणे आणि नगर यांच्या मधोमध, घोड नदीच्या काठी, 'सेरूर' नावाचे एक ठाणे वारंवार भेटते. त्याच शतकाच्या उत्तरार्धातील रेल्वेच्या कागदांत पुण्याच्या पूर्वेस, भीमेच्या तीरावर, 'धोंड' नावाचे जंक्शन आढळते. या नावांची गावे आजच्या नकाशावर शोधू गेल्यास सापडणार नाहीत. गावे मात्र जागच्या जागी आहेत. पहिले आपले शिरूर आणि दुसरे दौंड. शिरूरवरून वाहणारी घोड दौंडच्या वरच्या अंगाला भीमेस मिळते. म्हणजे एका गावच्या घाटावरचे पाणी काही काळाने दुसऱ्या गावच्या पुलाखालून वाहत जाते. पाण्याने जोडलेल्या या दोन गावांना इंग्रजांनी आपापल्या परीने एकेक नाव बहाल केले आणि कित्येक दशके सरकारदरबारी तीच नावे चालली.

ही नावे आली कोठून, याचा शोध आम्ही येथे घेणार आहोत. हा शोध केवळ हौसेचा नाही. या परिसरातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे दाखले, रेल्वेच्या किंवा पलटणीच्या नोकरीचे कागद जपून ठेवलेले असतात. त्यांवर गावाचे नाव याच जुन्या इंग्रजी वळणाने लिहिलेले असते. ते ज्याला वाचता येत नाही, त्याला आपल्याच घराण्याचा माग लागत नाही.

प्रथम शिरूर घेऊ. इंग्रज येथे येण्यापूर्वी कित्येक शतके हे नाव प्रचारात होते, आणि त्याची घडण मराठीच्याही मागे जाते. नावाच्या शेवटी असलेला 'ऊर' हा कानडी भाषेतील गाववाचक शब्द असल्याचे ग्रामनामांचे अभ्यासक मानतात. बेंगळूरु, मंगळूरु या नावांत तोच आहे. आपल्याकडील लातूरचे जुने नाव 'लट्टलूर' होते, त्यातही तोच आहे. बदामीचे चालुक्य आणि नंतरचे राष्ट्रकूट यांच्या राज्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामध्ये आजच्यासारखी भाषेची भिंत नव्हती. त्या काळच्या बोलण्याचे ठसे शेतजमिनीवरून पुसले गेले, राजवाड्यांचे दगडही विखुरले; पण गावाच्या नावात ते टिकून राहिले. शिरूर नावाची गावे म्हणूनच एकट्या पुणे जिल्ह्यात नाहीत. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहे, आणि कर्नाटकातही या नावाची गावे आहेत.

एकाच नावाची इतकी गावे झाली, की लोक आपोआप ओळखीची खूण जोडतात. आपल्या शिरूरला लोकांनी नदीची खूण जोडली आणि 'शिरूर घोडनदी' किंवा नुसते 'घोडनदी' असे म्हणू लागले. पलीकडच्या खेड्यांतील म्हातारी माणसे अजूनही बाजाराला 'घोडनदीला' जातात, शिरूरला जात नाहीत. भीमेकाठच्या कोरेगावास 'कोरेगाव भीमा' म्हणण्यामागे हीच रीत आहे. नाव माणसाने ठेवायचे आणि पत्ता नदीने सांगायचा, असा हा जुना व्यवहार होय.

या गावी इंग्रजांचे पाऊल पडले, त्याचे मूळ आपणा कॅथलिक वाचकांच्या चांगल्या परिचयाच्या एका गावी आहे. 31 डिसेंबर 1802 रोजी वसई येथे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. (या वसईचेही पोर्तुगिजांनी 'बसाईं' आणि इंग्रजांनी 'बसीन' केले होते.) तहान्वये इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलुखात कायमची राहावयाची होती. ऑगस्ट 1803 मध्ये नगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. पुणे आणि नगर या दोन्हींवर नजर ठेवता येईल अशी जागा म्हणून घोड नदीचा काठ सोयीचा होता आणि तैनाती फौजेची छावणी शिरूरला पडली. 1817 मध्ये उभारलेल्या 'पूना हॉर्स' या घोडदळाचेही शिरूर हे दीर्घकाळ ठाणे होते.

छावणी पडली की पत्रे लिहावी लागतात, पत्रावर ठिकाण घालावे लागते, आणि ठिकाण घालावयाचे तर त्याचे स्पेलिंग ठरवावे लागते. त्या काळी स्पेलिंगला कोणताही नियम नव्हता. ऐकू येईल तसे लिहावे, एवढाच नियम. 'ऊ' ऐकू आला की दोन 'ओ' लिहावयाचे आणि 'ई' ऐकू आला की दोन 'ई'. पुण्याचे 'पूना' झाले, खडकीचे 'किर्की' झाले, तसे शिरूरचे एस, ई, आर, दोन ओ आणि आर असे 'सेरूर' झाले.

पण 'श'चा 'स' का झाला? इंग्रजाला 'श' उच्चारता येत नव्हता, असे मुळीच नाही. याचे उत्तर छावणीच्या भाषेत असावे असे दिसते. इ-कारापूर्वीच्या 'स'चा 'श' करणे ही मराठीची सवय आहे. हिंदी माणूस 'सीखतो', आपण 'शिकतो'. छावणीतील मुनशी, दुभाषे आणि अनेक शिपाई यांची व्यवहारभाषा हिंदुस्थानी होती आणि साहेब तीच शिकलेला असे. आपल्या शिंद्यांचे हिंदुस्थानी मुखात 'सिंधिया' झाले आणि इंग्रजांनी तेच रूप उचलले. शिरूरचे 'सेरूर' त्याच वाटेने झालेले दिसते. तात्पर्य, या तथाकथित इंग्रजी नावात इंग्रजी असे फारच थोडे आहे. शब्द कानडी, वळण मराठी, उच्चार हिंदुस्थानी. इंग्रजांचा केवळ टाक आणि दौत.

पुढे 1870 च्या दशकात विल्यम विल्सन हंटर यांच्या पद्धतीप्रमाणे हिंदी नावांचे स्पेलिंग नियमात बसविण्यात आले, तेव्हा 'सेरूर'चे 'सिरूर' झाले. 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हे गाव 'सिरूर किंवा घोडनदी' अशा जोडनावाने नोंदले आहे. लोकांच्या तोंडचे नाव अखेर सरकारी ग्रंथाला घ्यावे लागले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली, त्या तारखेच्या रात्री, म्हणजे 31 डिसेंबर 1817 रोजी, कॅप्टन स्टाँटन सुमारे 800 शिपाई घेऊन शिरूरहून पुण्याकडे निघाला. दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारी 1818 रोजी, कोरेगाव येथे पेशव्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. त्या लढाईचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. येथे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते तिच्या स्मारकस्तंभावरील अक्षरांकडे. गावाचे नाव तेथे 'म'कारान्त आहे. जुन्या मराठीत 'गांव' हा शब्द नाकातून उच्चारला जाई. त्या अनुस्वाराला इंग्रजांनी 'एम' हे अक्षर दिले. बेळगावच्या जुन्या स्पेलिंगच्या शेवटी येणारा 'एम' तोच. आपण अलीकडे अनुस्वार लिहिणे सोडले. आपल्या आजोबांचा उच्चार त्या परक्या अक्षरात मात्र कोरलेला राहिला.

त्याच स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या 49 जणांची नावे आहेत. त्यांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून ते शिपाई महार होते हे ओळखता येते. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले. गावकीच्या कोणत्याही कागदात ज्यांचे नाव आदराने लिहिले गेले नव्हते, त्यांची नावे येथे दगडावर होती. त्यांचे स्पेलिंग ओबडधोबड आहे, हे खरे. परंतु त्या ओबडधोबड अक्षरांनीच ती माणसे विस्मृतीतून वाचविली. जुन्या इंग्रजी लेखनाला हसण्यापूर्वी एवढे आठवावे.

नावे बदलण्याचा हा उद्योग एकतर्फी होता, असे कोणी समजू नये. 1803 च्या असईच्या लढाईत लढलेला, 74 व्या पलटणीचा कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये शिरूरला मरण पावला आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. पंचक्रोशीतील लोकांनी त्याच्या थडग्याला 'सत्पुरुष' म्हणावयास सुरुवात केली. सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य शेतकरी तेथे आणीत, अशी नोंद 1885 च्या गॅझेटियरमध्ये आहे. स्कॉटिश पलटणीचा हा सेनानी प्रॉटेस्टंट देशातून आला होता. मृतांना नैवेद्य दाखविण्याची प्रथा त्याच्या स्वप्नातही आली नसेल. इंग्रजांनी शिरूरचे 'सेरूर' केले आणि शिरूरकरांनी वॉलेसचा 'सत्पुरुष' केला. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट केली. जे परके होते, ते आपल्या जिभेला रुचेल असे करून घेतले.

आता भीमेच्या काठाने दौंडकडे वळू. हा मुलूख पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडे. थडी म्हणजे तीर. भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांचे घोडदळ देशभर नेले. 1858 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पुण्याच्या पूर्वेस भीमेकडे सरकला आणि या थडीवर वाफेचा घोडा आला. 1878 मध्ये येथून नगरमार्गे मनमाडला जाणारा, सव्वादोनशे किलोमीटरहून लांब असा फाटा खुला झाला. 'धोंड-मनमाड रेल्वे' हे त्याचे सरकारी नाव. तेव्हापासून हिंदुस्थानभरच्या वेळापत्रकांत दौंड 'धोंड' झाले.

शिरूरच्या नावाला छावणीने वळण दिले, तर दौंडच्या नावाला स्टेशनच्या पाटीने. दंत्य 'द' आणि महाप्राण 'ध' यांतील फरक इंग्रजी कानाला सहसा कळत नाही, आणि 'औ'चा 'ओ' होणे तर त्याहून सोपे. एकदा पाटीवर रंगविलेले नाव तिकिटावर छापले गेले, तिकिटावरचे नाव मालाच्या पावतीवर गेले, आणि पावतीवरचे नाव नोकरीच्या कागदावर आले. रेल्वेच्या नोकरीसाठी दूरदूरच्या प्रांतांतून जी कुटुंबे येथे आली, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यांनी हे गाव पाटीवरून ओळखले. त्यांच्यासाठी 'धोंड' हेच गावाचे खरे नाव ठरले. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी मात्र दौंडच म्हणत राहिला. दोन नावांचे एक गाव, आणि कोणते नाव तोंडी येते त्यावरून माणूस कोठून आला हे समजे.

या लोहमार्गाच्या नावाला एक करुण किनार आहे. मार्गाचे बांधकाम चालू होते तेव्हा 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला होता. मार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त मजुरांना काम देण्यात आले. पोटासाठी टोपली उचलणाऱ्या त्या स्त्रीपुरुषांच्या दृष्टीने 'धोंड-मनमाड' हे दुष्काळी कामाचे नाव होते. त्याच दशकाच्या अखेरीस जेझुइट मिशनऱ्यांनी नगर जिल्ह्यातील खेड्यांत कार्यास प्रारंभ केला. आपल्यापैकी कित्येक घराण्यांच्या श्रद्धेची पहिली पाने त्या उपाशी वर्षांच्या लगतच उलगडली आहेत.

दौंडच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूस, याच लोहमार्गावर केडगाव स्टेशन आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे ते जगास ठाऊक झाले. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वॉण्टेज या गावी त्यांचा अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा झाला. पुढे केडगाव येथे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले व 1922 मध्ये तेथेच देह ठेवला. आपल्या दौंड तालुक्याशी अशा रीतीने जोडल्या गेलेल्या त्या वॉण्टेज गावाच्या नावाचे मूळ पाहिले, तर शिरूरची कथा पुन्हा नव्याने ऐकल्यासारखे वाटते.

वॉण्टेज हे जुन्या इंग्रजीतील नाव. नवव्या शतकातील राजा आल्फ्रेड याच्या मृत्युपत्रात ते 'वानेटिंग' असे येते. विद्वानांच्या मते हे मुळात गावाजवळच्या ओढ्याचे नाव असून त्याचा अर्थ 'ओसरत जाणारा' असा आहे. उन्हाळ्यात पात्र उघडे पडणाऱ्या आपल्या नद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा अर्थ समजावून सांगावयास नको. घोडनदीप्रमाणेच तेथेही पाण्याने गावाला नाव दिले.

इंग्लंडमधील अनेक नावे तर इंग्रजांचीही नाहीत. तेथे 'एव्हन' नावाच्या अनेक नद्या आहेत. 'एव्हन' या जुन्या केल्टिक शब्दाचा अर्थच मुळी 'नदी'. पुढे आलेल्या इंग्रजांनी सामान्यनामालाच विशेषनाम समजून त्याच्या आधी आपला नदीवाचक शब्द जोडला. मँचेस्टर, लँकेस्टर या नावांच्या शेवटी लॅटिन 'कास्त्रा' दडलेला आहे. त्याचा अर्थ लष्करी छावणी. रोमन सैन्याने ब्रिटनमध्ये छावण्या ठोकल्या, चारशे वर्षांनी ते सैन्य गेले, आणि छावणीचे नाव मागे राहिलेल्या लोकांच्या तोंडात मोडतोड होऊन रुजले. पुण्याच्या 'कॅम्पा'त किंवा 'लष्करा'त राहणाऱ्या आपल्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण कोणते द्यावे? ज्यांच्या स्वतःच्या गावांना परक्या छावण्यांची नावे लाभली होती, त्यांनीच घोडकाठी छावणी टाकून आपल्या गावाच्या नावाला नवे वळण दिले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणतेही ग्रामनाम एका भाषेची, एका धर्माची किंवा एका सत्तेची मालमत्ता नसते. शिरूरच्या नावात कानडी आहे, म्हणून शिरूर परके होत नाही. कागदावर 'धोंड' आहे, म्हणून तो कागद खोटा ठरत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात आपण मूळ उच्चाराची नावे पुन्हा रूढ केली, हे न्याय्यच झाले. 1995 मध्ये 'बॉम्बे'चे मुंबई झाले तेव्हा लोकांच्या तोंडी असलेल्या नावालाच मान मिळाला. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. बदल असे पुढेही होत राहतील. प्रश्न असा, की नव्या नावाचा स्वीकार करताना जुन्या नावाच्या कागदांचे आपण काय करतो?

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांना विशेष लागू आहे. त्रेंटच्या धर्मपरिषदेपासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, कॅथलिक चर्चने नोंदवह्यांचा काटेकोर आग्रह धरला आहे. आजच्या धर्मसंहितेनुसारही बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्माचे व बाप्तिस्म्याचे स्थळ लिहिणे आवश्यक आहे. गावकामगाराच्या दप्तरात ज्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता, त्याच्या लेकराचे, आईबापांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव धर्मगुरूंनी या वहीत लिहिले. अनेक घराण्यांचा लिखित इतिहास तेथूनच सुरू होतो. परंतु त्या काळी नोंदी लॅटिन किंवा इंग्रजी भाषेत होत, आणि लिहिणारे फादर पुष्कळदा जर्मन असत. त्यांनी ऐकलेले गावाचे नाव त्यांच्या पद्धतीने कागदावर उतरले.

म्हणून ज्यांना आपल्या पूर्वजांचा शोध घ्यावयाचा आहे, त्यांनी 'शिरूर' एका अक्षरक्रमात शोधून थांबू नये. एस नंतर ई, एस नंतर आय, आणि एस नंतर एच, अशा तिन्ही ठिकाणी पाहावे. 'घोडनदी' या नावाखालीही पाहावे, कारण नुसते शिरूर लिहिलेले असल्यास ते बीडचेही असू शकते. दौंडसाठी डी नंतर ए आणि डी नंतर एच अशी दोन्ही पाने उलटावीत. घोड नदीने आज दोन जिल्हे वेगळे केले आहेत आणि 1987 मध्ये नाशिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून स्वतंत्र झाल्यापासून दोन धर्मप्रांतही. तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवरील नोंदवह्या पाहावयास विसरू नये. एका दाखल्यावर 'धोंड' आणि दुसऱ्यावर 'दौंड' असे असले, की खिडकीपलीकडचा कारकून त्यांना दोन निरनिराळी गावे समजतो आणि वृद्ध विधवेला पेन्शनसाठी पुनःपुन्हा खेटे घालावे लागतात. अशा वेळी दोन्ही नावे एकाच गावाची आहेत, हे सांगणारा एक जाणकार धर्मग्रामात असणे ही मोठीच सेवा ठरते.

या बाबतीत शुभवर्तमानकार योहान याने आपल्याला उत्तम धडा घालून दिला आहे. प्रभू येशूला क्रुसावर देण्यासाठी जेथे नेले, त्या स्थळाचे नाव सांगताना तो 'कवटीचे स्थान' असा अर्थ देतो आणि इब्री लोक त्याला 'गुलगुथा' म्हणत, हेही लिहितो. वाचणारा कोणत्याही भाषेचा असो, त्याला ती जागा सापडावी, एवढीच त्याची काळजी. एक नाव शुद्ध आणि दुसरे अशुद्ध, असा वाद तो घालीत नाही.

आपल्या घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर किंवा कौटुंबिक वहीत जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी करण्याची चांगली प्रथा कित्येक घरांत आहे. तेथे गावाचे नाव लिहिताना आजचे नाव ठळकपणे लिहावे. जुन्या दाखल्यावर वेगळे नाव असल्यास ते खोडू नये, त्यावर दुरुस्तीही करू नये. त्याच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत, दुसरे नाव लिहून ठेवावे. 'धोंड, म्हणजे आपले दौंड.' 'सेरूर, म्हणजे आपले शिरूर, घोडनदीचे.' एवढी एक ओळ नातवंडांना पुरेशी होईल.